मोरचूद आणि चुना

ॲडम्सटाउन, ९ जून

पूर्णाताई,

आधी एक गंभीर फिर्याद नोंदवून घे. माझे गमबूट चोरीला गेले आहेत. अथ गमबूटहरणप्रकरणम्. फिर्यादी मी, आरोपी आपले जन्मदाते श्रीमान गुरुनाथराव, निवृत्त तालुका कृषी अधिकारी, वय ऐंशी, सध्या मुक्काम माझ्या मागच्या दारी. सकाळी चहाच्या आधी ते माझे बूट चढवतात, ते देवापाशी दिवा लागेपर्यंत उतरवत नाहीत. बूट नऊ नंबरचे, त्यांचा पाय सात. मधला अवकाश ते मोज्यांचे दोन जोड घालून भरून काढतात. काल विचारलं, "दादा, तुम्हाला नवे आणू का?" तर म्हणाले, "कशाला? हे बसतायत की." मी मात्र स्लिपर घालून चिखलात उभा राहून सिटीवेस्टच्या ऑफिसची मीटिंग ऐकतो. संस्कृत शिकून सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्याला एवढीही पादत्राणं लाभू नयेत?

फोन करायचा सोडून हे ईमेलचं पत्र का, असं विचारशील. तुझा फोन आला की दादा "कोण, पूर्णी का?" म्हणून तो हातातून काढून घेतात आणि मग तुम्ही दोघं द्राक्षांवर बोलता. आपलं बोलणं होत नाही.

दादांना निरोप देताना विमानतळावरून तू मला फोनवर बजावलं होतंस: व्हिसाचे तीन महिने ते तुझ्या डोळ्यांसमोर आहेत, नीट बघ, आणि ऑगस्टअखेर नाशिकच्या फ्लॅटवर ते पुन्हा एकटे राहू शकतील का ते मला स्पष्ट सांग. बघतो आहे. दादा ग्रँड आहेत. 'ग्रँड' हा इथल्या आयरिश लोकांचा शब्द. त्याचा अर्थ 'उत्तम'पासून 'अजून उभा आहे' इथपर्यंत कुठेही लागतो.

आता खरं काम. मागच्या अंगणात मी जे प्लास्टिकचं छोटं घर उभारलं आहे त्यात टोमॅटो आहेत. आई गेल्यापासून दादा पहिल्यांदा कशात तरी रमले आहेत ते त्यात. पण परवापासून देठांवर करड्या रंगाची लव दिसते आहे, उंदराच्या पाठीसारखी. हात लावला की धूर उडावा तशी भुकटी उडते. दोन झाडं मधूनच मोडली. रोज संध्याकाळी व्यवस्थित पाणी घातलं जातं, थंडी लागू नये म्हणून दारही लावलं जातं, तरी ही अवस्था. फोटो जोडले आहेत. उपाय कळव.

तुझा,
अनवाणी नंदू


सांगली, १२ जून

नंदू,

फिर्याद दाखल करून घेतली. निकाल आरोपीच्या बाजूने.

तुझ्या टोमॅटोला करडी बुरशी झाली आहे. कारण तूच लिहून पाठवलंस. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी घालतात ते बरोबर, कारण रात्रीसुद्धा हवा गरम असते. तुझ्याकडे जूनमध्ये रात्री स्वेटर लागतो. तिथे संध्याकाळी पानांवरून पाणी घातलं आणि वर दार लावून घेतलं, तर पान सकाळपर्यंत ओलं राहतं. बुरशीला आणखी काय हवं?

लव आलेला भाग कोरडा असताना काप, पिशवीत घालून बाहेर टाक, खताच्या ढिगावर नाही. प्रत्येक झाडानंतर कात्री पूस. जमिनीलगतची पानं काढून टाक, वारा खेळू दे. पाणी सकाळी, आणि फक्त बुडाशी. दिवसभर दार उघडं. फवारायची गरज नाही.

एक मात्र मला कळलं नाही. "पाणी घातलं जातं", "दार लावलं जातं". कोण घालतं? कोण लावतं? लहानपणी तुझ्या हातून काही फुटलं की तू "बरणी फुटली" म्हणायचास. दादा तिथे असताना पानांवर पाणी पडतंच कसं? मी नववीत असताना गुलाबावर झारी धरली म्हणून त्यांनी चारचौघांत माझा कान पिळला होता. ते तुला बोलले नाहीत?

आणि गमबुटांवर एक परिच्छेद, दादांवर चार ओळी. मी विचारलं ते नीट सांग. मला तिकडच्या हवापाण्याच्या गप्पा नकोत.

ताई


ॲडम्सटाउन, २४ जून

पूर्णाताई,

पाणी मी घालत होतो. झारी माझी, हात माझा, अज्ञान माझं. दादांनी पाहिलं असतं तर कानाचं काही खरं नव्हतं, पण त्या वेळी ते आत बातम्या बघत असतात. झालं समाधान? तू सांगितलंस ते सगळं केलं. आमच्या गृहमंत्री वृंदाने तिच्या लॅबमधली शिस्त आणली, कात्री स्पिरिटने पुसून मगच पुढच्या झाडाला लावायची. करडी लव थांबली. आठवडाभर सगळं ग्रँड होतं, पहिल्या अर्थाने.

आणि आता हे. गेल्या आठवड्यात हवा दमट, कोंदट झाली, आणि इथल्या हवामान खात्याने ब्लाइटचा इशारा दिला. म्हणजे आपला करपा. इथे बटाट्याच्या करप्याची सूचना रेडिओवर वादळाच्या सूचनेसारखी गंभीर आवाजात देतात, आणि लोक ती तशीच ऐकतात; पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच रोगाने इथे मोठा दुष्काळ पडला होता. शेजारचा डेक्लन, बसचालक होता, आता निवृत्त, कुंपणावरून म्हणाला, "तुमच्या टोमॅटोवर लक्ष ठेवा हं. तिथे आला की वाऱ्याबरोबर माझ्या बटाट्यांवर." कुंपणाच्या अलीकडे माझे टोमॅटो, पलीकडे त्याचे तीन वाफे. त्याचे आजोबा, पणजोबा असेच वाफे लावत. तो हसत बोलला, पण कुंपणावरचा हात काढला नाही.

दादांना भाषांतर करून सांगितलं. त्यांचे डोळे असे चमकले की बस. "करपा ना? बोर्डो मारायचा! मोरचूद आणि चुना!" आणि बॅगेतून, शेंगदाण्याच्या चटणीखालून, एक डबा निघाला. त्यात मोरचूद! नाशिकहून, दोन विमानांतून, चटणीच्या सोबतीने. वृंदा कपाळाला हात लावून बसली. "दादा, इथे घरच्या बागेत हे मारायची परवानगी नाहीये." दादा म्हणाले, "अगं, मी अर्ध्या तालुक्याला बोर्डो शिकवलाय. तुझ्या या देशाला कोण विचारतंय?"

मी नको म्हणायला हवं होतं. पण ताई, आई गेल्यानंतर त्यांचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता. मी बांधकामाच्या दुकानातून चुन्याची पिशवी आणून दिली, लाल बादली दिली. शनिवारी आम्ही मिश्रण केलं. काय रंग होता! नितळ निळा, इतका की बादलीचा तळ दिसत होता. इथलं आकाश जन्मात तसं होणार नाही. दादांनी स्वतः फवारलं, एखादा पुजारी तीर्थ शिंपडतो तसं.

आणि तरी करपा आला. दोन दिवसांत पानं कडेने काळी-तपकिरी, जळाल्यासारखी. डेक्लनने पाहिलं. तो म्हणाला, "या आठवडाअखेर तुम्ही उपटलीत तर बरं होईल." अत्यंत सभ्यपणे. दादा झाडांकडे बघत उभे असतात. उपटू का? फोटो जोडले आहेत. लवकर कळव.

नंदू


सांगली, २५ जून

नंदू,

उपटू नकोस. हा करपा नाही.

पानाच्या खालच्या बाजूचा फोटो तू पाठवलास ते बरं केलंस. करप्याला खालून कडेला पांढरी बारीक लव असते. तुझी पानं खालून स्वच्छ आहेत. वरून मात्र जिथे जिथे थेंब साचला, तिथे तिथे जळलंय, आणि टोकांना, कारण पाणी ओघळून तिथे थांबतं. असं पान मी दर वर्षी दोन-तीन शेतकऱ्यांच्या हातात बघते. हे मोरचुदाने जाळलेलं पान आहे.

आता तुझंच वाक्य तुला वाचून दाखवते: "नितळ निळा, बादलीचा तळ दिसत होता." बोर्डो नितळ नसतो, नंदू. चुना घातला की तो दुधाळ होतो, आकाशी, आणि बादलीचा तळ दिसत नाही. चुनाच मोरचुदाची धग मारतो. तू लिहिलेल्या बादलीत चुना नव्हता.

दादांनी मला बोर्डो शिकवला तेव्हा मी दहा वर्षांची होते. मिश्रण झालं की त्यात लोखंडी सुरी बुडवायची. चकचकीत स्टीलची नाही, साधी लोखंडी. सुरीवर तांबूस थर धरला तर चुना कमी आहे, आणखी घाल. थर नाही धरला तरच फवार. ते सुरी बुडवल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचे नाहीत. गावोगावच्या सभांमध्ये ते आधी सुरी दाखवायचे आणि मग भाषण करायचे.

म्हणून मला सांग, मिश्रण कोणी केलं? तू केलं असशील तर मी पोट धरून हसेन आणि विषय संपला. दादांनी केलं असेल तर मला हसता येणार नाही.

आणि आता मी तुझ्यापासून काय लपवलं ते ऐक. मार्चमध्ये ते भाजी आणायला निघाले आणि दुपारी जुन्या सीबीएस स्टँडवर बाकावर बसलेले सापडले. खालच्या मजल्यावरच्या शर्वाणीने ओळखलं म्हणून घरी आणलं. तिला म्हणाले, "दिंडोरीची गाडी अजून लागली नाही." दिंडोरीला त्यांचं काय आहे आता? ऑफिस सोडून बावीस वर्षं झाली. मला वाटलं उन्हामुळे झालं असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं. म्हणून तुझ्याकडे पाठवलं आणि तुला "नीट बघ" एवढंच सांगितलं. सगळं सांगितलं असतं तर तू ते शोधत बसला असतास. मला तुझी कोरी नजर हवी होती.

उत्तर दे.

ताई


ॲडम्सटाउन, २६ जून

ताई,

चुना मी विसरलो. कामाची वाटणी अशी होती की मोरचूद दादा विरघळवणार आणि चुना मी घालणार. मधेच मला ऑफिसचा फोन आला. हस आता पोट धरून.

मार्चमधली गोष्ट मला मार्चमध्ये कळायला हवी होती. मी इतका दूर आहे म्हणून मला बातम्या गाळून मिळाव्यात असं तुला कोणी सांगितलं? कोरी नजर! मी तुझ्या प्रयोगशाळेतला नोकर नाही.

झाडं उपटलेली नाहीत. डेक्लनला सांगितलं, औषधाने भाजली आहेत, रोग नाही. त्याचा विश्वास बसलेला दिसत नाही.

नंदू


सांगली, २८ जून

नंदू,

चिडलास ते योग्यच. मी चुकले.

शनिवारी तुला ऑफिसचा फोन येतो हे मी मान्य करते. इतर लोकांनाही येत असेल.

एक कर. डेक्लनसाठी कर आणि माझ्यासाठीही. सर्वांत खराब दिसणारी चार पानं घे. डब्यात ओला कागद अंथर, पानं उलटी ठेव, झाकण लाव, घरात ठेव. रात्र जाऊ दे, पुढचा दिवसही जाऊ दे. पानाखाली पांढरी लव उगवली तर तो करपाच. मग माझं निदान चुकलं, मी वीस वर्षांची डिग्री तुझ्या चरणी ठेवीन, झाडं उपटून टाक, आणि बादलीत चुना होता की नव्हता हा प्रश्न मी पुन्हा विचारणार नाही.

लव उगवली नाही, तर पानं फक्त जळलेली आहेत. शेंड्याला नवी पालवी येईल, झाडं वाचतील. डेक्लनला डबा दाखव.

या खेपेला माझं निदान चुकावं अशी माझी इच्छा आहे. परतीचं तिकीट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे. दादा मला रोज फोनवर सांगतात की नाशिकचं दूध पुन्हा सुरू करायला सांग. दूधवाल्याला काय सांगू?

ताई


ॲडम्सटाउन, ६ जुलै

ताई,

डबा ठेवला. पहिल्या सकाळी उघडला, काही नाही. दुसऱ्या सकाळी चहा न घेता उघडला. आयुष्यात पहिल्यांदा मी बागेत रोग पडावा म्हणून हात जोडले. पान भिंगाखाली धरलं. खालून स्वच्छ, हिरवं, ओलं. कडा तेवढ्या जळालेल्या. डेक्लनने डबा उघडून वास घेतला, करपा आला की बटाट्याच्या वाफ्याला कुबट वास सुटतो तो त्याला माहीत आहे. "नाही हा तो," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. तो इतका खूश झाला की मला त्याच्याकडे बघवेना.

त्या शनिवारी ऑफिसचा फोन आला नव्हता. तुला ते कळलंच होतं. संध्याकाळी पानांवर पाणीही मी घालत नव्हतो. दादा घालत होते, दार लावून घेत होते, आणि मी दोनदा म्हटलं तेव्हा "बरं" म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा घालत होते. चुन्याची पिशवी तुझं पत्र आल्यावर शेडमध्ये जाऊन पाहिली. वरची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. ती बघून मी आत आलो आणि तुला ते चिडकं पत्र लिहिलं.

काल पुन्हा ब्लाइटचा इशारा आला. दादांनी रेडिओवर तो एक शब्द ओळखला आणि बादली काढली. मी ठरवलं, आज काहीच बोलायचं नाही, फक्त बघायचं. पिशवी उघडून बादलीशेजारी ठेवली. डेक्लनकडून त्याच्या वडिलांची जुनी लोखंडी सुरी मागून आणली, तीही तिथे ठेवली.

दादांनी मोरचूद कोमट पाण्यात विरघळवला, हात अगदी स्थिर. नितळ निळं पाणी. पिशवीकडे पाहिलं, उचलून बाजूला सरकवली, तिच्या जागी पंप ठेवला आणि गाळणी घेतली. पाणी पंपात ओतणार, तेवढ्यात माझ्याच्याने राहवलं नाही. सुरी पुढे केली.

"दादा, सुरी."

त्यांनी ती घेतली, अंगठ्याने धार पाहिली, आणि मला विचारलं, "काय चिरायचंय?"

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग परत माझ्याकडे. आवाज एकदम बारीक झाला. "नंदू, काहीतरी राहतंय, हो ना रे?"

"चुना, दादा."

"हां. चुना. तेच तर म्हणतोय मी." हसले. मग सुरी माझ्या हातात देऊन हळूच म्हणाले, "पूर्णीला सांगू नको हं."

आणि मी ते तुला सांगतो आहे.

फवारलं नाही. वृंदाने ते पाणी झाकणाच्या डब्यात भरलं, सोमवारी कौन्सिलच्या कचरा केंद्रावर नेऊन देईल. उरलेला मोरचूदही. टोमॅटोला शेंड्याकडून नवी पालवी फुटली आहे, दार दिवसभर उघडं असतं, पाणी सकाळी मी घालतो, बुडाशी. झाडं वाचतील. जेवताना दादा म्हणाले, "बादली अशी मधेच कोणी ठेवली? पाय अडकला असता." वृंदा उठून आत गेली.

तू स्पष्ट सांग म्हणाली होतीस, तर स्पष्ट सांगतो. दादा नाशिकला एकटे राहू शकणार नाहीत. तिथे स्वयंपाकघरात गॅस आहे. दूध सुरू करायला सांगू नकोस. इथे त्यांना व्हिसा संपल्यावर ठेवता येणार नाही, म्हणून ते तुझ्याकडे सांगलीला येतील. मी पोचवायला येईन आणि ते रुळेपर्यंत राहीन. डॉक्टरांना दाखवायचं ते इथून निघायच्या आधी दाखवतो, वृंदाने चौकशी केली आहे. हे सगळं जमेल.

पण फ्लॅटवर परत जायचं नाही हे त्यांना मला सांगावं लागेल. ते "का?" विचारतील. मी सांगेन. त्यांना फार लागेल. मग दुसऱ्या दिवशी ते बॅग भरायला घेतील, नाशिकची किल्ली शोधतील, आणि मला त्यांना परत सांगावं लागेल, आणि त्यांना ते परत पहिल्यांदाच ऐकल्यासारखं लागेल. ताई, मला त्याची भीती वाटते.

नंदू